तंबूंतील रात्र आणि तिचा हिशेब

मराठी वाचकास निसर्गवर्णन नवें नाहीं. नवी आहे ती निसर्गांत पैसे देऊन एक रात्र राहून येण्याची रीति. गेल्या कांहीं वर्षांत पवनेच्या जलाशयाकांठीं, मुळशीस, भंडारदऱ्यास तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. शनिवारीं सायंकाळीं जावें, चहाभजीं घ्यावीं, शेकोटीभोंवतीं बसून गाणीं म्हणावीं, रात्रीं तंबूंत निजावें आणि सकाळीं कांदेपोहे खाऊन परत फिरावें, असा हा क्रम. ह्यास 'कॅम्पिंग' म्हणतात. त्याच तंबूंत पलंग, गादी, विजेचे दिवे आणि लागून न्हाणीघर आलें कीं तें 'ग्लॅम्पिंग' होतें. झगमगाटाचा इंग्रजी शब्द आणि छावणीचा इंग्रजी शब्द यांचा हा संकर 2016 सालीं ऑक्सफर्डच्या कोशांत दाखल झाला. रीति आली, शब्द आला; आतां तिचें वाङ्मयही येऊं लागलें आहे, आणि टीकाकाराचा संबंध येतो तो येथें.

ह्या लेखाचें निमित्त अगदीं घरगुती आहे. आमच्या महाविद्यालयाची सहल एका जानेवारींत भंडारदऱ्यास गेली होती. जालन्याहून पहाटे निघून संगमनेर, अकोलें ह्या मार्गानें आम्ही सायंकाळीं जलाशयाकांठीं पोहोंचलों आणि रात्र तंबूंत काढली. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांस जमिनीवरची पथारी मानवत नाहीं, म्हणून मला पलंगाचा तंबू देण्यांत आला. तेव्हां ग्लॅम्पिंगचा अनुभव मीं घेतला आहे, आणि तो सुखाचा होता हें प्रथमच कबूल करणें बरें. परत आल्यावर वार्षिकांकासाठीं 'उघड्या आभाळाखालीं एक रात्र' हा विषय मीं विद्यार्थ्यांस दिला. बारा लेख आले. त्यांपैकीं अकरा सहलीवरचे होते. बारावा लेख मीं 'विषयास सोडून' असा शेरा मारून बाजूस ठेविला. माझा तो शेरा चुकीचा होता. आणि तो कां चुकीचा होता हें स्वतःस समजावून देतांना जे विचार सुचले तेच पुढें मांडीत आहें.

प्रथम त्या अकरा लेखांविषयीं. भाषा बरी होती, शुद्धलेखन सुसह्य होतें. परंतु अकराही लेख एकाच हातचे वाटत होते. पाणी सर्वत्र निळेशार, हवा सर्वत्र गुलाबी, शांतता सर्वत्र स्वर्गीय. कळसूबाईच्या पायथ्याशीं रात्र काढून आलेल्या मुलांच्या लेखांत कळसूबाईचें नांव तीनच ठिकाणीं, प्रवरेचें नांव एकाही ठिकाणीं नाहीं. ज्या बाईनें चुलीवर भाकरी भाजून आम्हां पन्नास माणसांस वाढलें ती एकाही लेखांत आली नाहीं. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही कीं, बहुतेक लेखांचा आरंभ 'शहराच्या धकाधकीपासून दूर' ह्या शब्दांनीं झाला होता. ह्या लेखकांपैकीं एक भोकरदन तालुक्यांतील लहानशा खेड्यांतला. त्याच्या गांवीं रात्रीं कुत्र्यांवांचून कोणी ओरडत नाहीं, आणि उन्हाळ्यांत तो माळवदावर निजतो. तरीही भंडारदऱ्यास आपण प्रथमच तारे पाहिले असें तो लिहितो!

हा मुलगा खोटें बोलत होता असें मला वाटत नाहीं. तो दुसऱ्याचा अंगरखा घालून बोलत होता. तंबूंच्या जाहिराती मुंबईपुण्याच्या थकलेल्या चाकरमान्यासाठीं लिहिलेल्या असतात. त्याच्या डोळ्यांस तारे खरोखरच दुर्मिळ असतात, आणि त्याचा शीण खरा असतो. परंतु ती भाषा इतकी पसरली आहे कीं, ज्यास तो शीण नाहीं त्यानेंही तो उसना घ्यावा, आणि ज्याच्या माळवदावर तारे आहेत त्यानेंही ते अडीचशें किलोमीटरांवर जाऊन 'प्रथमच' पाहावे, अशी स्थिति आली आहे. वाङ्मयदृष्ट्या ह्या रीतीचा पहिला दोष हाच कीं, ती पाहणाऱ्याची नजर हिरावून घेते आणि तिच्या जागीं तयार नजर देते.

ह्या प्रकारावर सामान्यतः घेतला जाणारा आक्षेप निराळा आहे. गादीवर निजणाऱ्यास निसर्ग कसला भेटणार, ऐषआराम आणि अरण्य यांचें जमत नाहीं, असें आमचे जुने गिर्यारोहक मित्र नाक मुरडून म्हणतात. मला हा आक्षेप उथळ वाटतो. सुखसोयींनीं युक्त अशी छावणी ही काल-परवांची गोष्ट नव्हे. औरंगजेब 1664 च्या अखेरीस दिल्लीहून काश्मीरकडे निघाला तेव्हां फ्रेंच वैद्य बर्निये त्या लवाजम्याबरोबर होता. शाही डेऱ्यांचे दोन संच असत. एक उभा असतां दुसरा पुढच्या मुक्कामीं रवाना होई, म्हणजे बादशहास तंबू उभारण्याची वाट पाहावी लागूं नये. बर्नियेची गोष्ट आजही वाचनीय कां वाटते? तो डेऱ्यांच्या वैभवानें दिपून थांबत नाहीं. असा एक संच वाहण्यास 60 हून अधिक हत्ती, 200 उंट, 100 खेंचरें आणि 100 हमाल लागत, हें तो मोजून सांगतो. वैभव कोणाच्या पाठीवर उभें आहे हें त्यास दिसतें.

उलट बाजूनें थोरोचें उदाहरण घ्या. वॉल्डन तळ्याकांठीं तो 1845 पासून दोन वर्षांहून थोडा अधिक काळ राहिला. साधेपणाचा तो आदर्श म्हणून सांगितला जातो. पण ती झोंपडी गांवापासून फार तर दीड मैलावर होती, जमीन मित्राची म्हणजे इमर्सनची होती, आणि थोरो अधूनमधून गांवांत जेवूनही येई. म्हणजे कडक अरण्यवास म्हणून पाहिल्यास तोही कच्चाच. तरी त्याचें पुस्तक टिकलें, आणि दुर्गाबाई भागवतांस तें 'वॉल्डनकाठी विचारविहार' ह्या नांवानें मराठींत आणावेसें वाटलें. त्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणांत थोरो झोंपडीच्या फळ्या, विटा, चुना, खिळे यांचा खर्च मांडून दाखवितो. बेरीज 28 डॉलर आणि साडेबारा सेंट. कवितेसारख्या पुस्तकांत हा वाण्याचा जमाखर्च कशाला, असें विद्यार्थी मला दरवर्षीं विचारतात. उत्तर असें कीं, त्या जमाखर्चामुळेंच पुढच्या कवितेवर आपला विश्वास बसतो. हा मनुष्य येथें काय घेऊन आला, कोणाचें घेतलें आणि काय दिलें हें तो लपवीत नाहीं.

तेव्हां गादी असावी कीं घोंगडी असावी, हा प्रश्न टीकेचा नव्हे. निसर्गांतील मुक्कामाच्या लेखनास लावण्याची कसोटी एकच: त्यांत हिशेब आहे काय? मुक्कामाचें जें मोल झालें तें कोणीं भरलें, हें लेखकास ठाऊक आहे काय?

ह्या कसोटीस आपलीं दोन मराठी पुस्तकें लावून पाहूं. पहिलें गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचें 'माचीवरला बुधा'. ही कादंबरी 1958 ची. मुंबईचें बिऱ्हाड सोडून एक वृद्ध मावळी मनुष्य राजमाचीच्या माचीवर आपल्या जुन्या जागीं परत येतो आणि झाडें, पांखरें, जनावरें यांच्या सोबतीनें राहतो, एवढाच तिचा विषय. आज त्याच राजमाचीवर पावसाळ्याच्या तोंडीं काजवे पाहण्यास झुंडी लोटतात आणि तंबू पडतात. बुधा आणि हे पाहुणे यांत भेद कोणता? दोघेही शहरांतूनच आले. पण बुधास माचीवर काम आहे. त्याच्या दिवसास पाणी आहे, माती आहे, सरपण आहे. डोंगर त्यास देतो आणि त्याच्याकडून घेतो. दांडेकरांचें निसर्गवर्णन सुंदर वाटतें तें ह्या देवघेवीमुळें. झाडाचें नांव तेथें येतें तें त्या झाडाशीं कांहीं व्यवहार आहे म्हणून. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. दांडेकर डोंगरावर इतके लुब्ध आहेत कीं, बुधासारख्या माणसास मुळांत मुंबईस कां जावें लागलें, हा जमाखर्चाचा अप्रिय स्तंभ ते झपाट्यानें उलटून जातात. माचीवरचें सुख आपणांस भरपूर मिळतें. माची सोडावयास लावणारें दारिद्र्य धुक्यांत राहतें.

तो स्तंभ दुसऱ्या एका पुस्तकानें भरून काढला. लक्ष्मण माने यांचें 'उपरा' हें आत्मकथन 1980 सालीं प्रसिद्ध झालें आणि पुढील वर्षीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. कैकाडी समाजांतील एक कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून, टोपल्या विणून पोट भरण्यासाठीं गांवोगांव फिरतें. गांवाबाहेर पाल टाकून राहतें. पाल म्हणजे तरी काय? चार काठ्या आणि वर कापड. भंडारदऱ्याच्या तंबूचें साहित्य ह्याहून फार निराळें नाहीं. वरतीं तेंच आभाळ, तेच तारे, तीच थंडी. परंतु 'उपरा' वाचतांना 'स्वर्गीय शांतता' हा शब्द मनांत येण्याची कोणाची छाती होणार नाहीं. उघड्यावरची रात्र रम्य वाटते ती परतावयास घर असतें म्हणून, हें सत्य त्या पुस्तकानें मराठी वाङ्मयास कायमचें शिकविलें आहे. त्यानंतर मराठींत तंबूवर लिहिणाऱ्यानें तें न वाचल्यासारखें लिहिणें हें अज्ञान होय, आणि वाचूनही तसें लिहिणें हें त्याहून वाईट.

येथें कोणी म्हणेल, सहलीच्या लेखावर हें ओझें कशाला? तरुण मुलें एक रात्र आनंदांत काढून आलीं, त्यांस भटक्यांच्या दुःखाची आठवण करून देऊन काय साधणार? आक्षेप रास्त आहे. आनंद हा अपराध नव्हे, आणि प्रत्येक चांदण्यास अश्रूंचें लिंपण लावण्याची रीति मलाही आवडत नाहीं. मी सांगतों तो हिशेब बाहेरून आणावयाचा नाहीं; तो त्या जलाशयांतच आहे.

भंडारदऱ्याचें पाणी हें निसर्गानें ठेविलेलें तळें नव्हे. प्रवरेवरील ह्या धरणाचें काम 1910 सालीं सुरू झालें आणि 1926 सालीं पुरें झालें; तत्कालीन गव्हर्नरच्या नांवानें त्यास विल्सन धरण म्हणतात. खोऱ्यांतील जमीन पाण्याखालीं गेली तेव्हां हें दृश्य तयार झालें. पवनेची गोष्ट अशीच. ज्या जलाशयाकांठीं आज सर्वांत दाट तंबू आहेत तें धरण 1972 सालीं पुरें झालें, आणि त्याचें पाणी बंद नळांतून पिंपरी-चिंचवडास नेण्याविरुद्ध मावळांतील शेतकरी रस्त्यावर आले असतां 9 ऑगस्ट 2011 रोजीं पोलिसांच्या गोळीबारांत तिघांचे प्राण गेले. ज्यास जाहिरात 'लेक' म्हणते त्यास तेथील मनुष्य 'धरण' म्हणतो. ह्या एका शब्दाच्या फरकांत इतिहास आहे, आणि लेखकानें कोणता शब्द वापरावा हा निव्वळ शैलीचा प्रश्न राहत नाहीं.

जालन्याच्या माणसास तर तो जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. भंडारदऱ्याखालून निघणारी प्रवरा पुढें प्रवरासंगमास गोदावरीस मिळते. गोदावरी पैठणला जायकवाडीच्या नाथसागरांत येते. आणि नाथसागराचें पाणी नळानें जालना शहरास येतें. वरच्या धरणांतून खालीं पाणी सोडावें कीं नाहीं, सोडावें तर किती, हा वाद तुटीच्या वर्षीं हटकून पेटतो. समन्यायी वांटपाचें तत्त्व 2005 च्या कायद्यानें आलें तरी तंटा न्यायालयापर्यंत गेलाच. 2012-13 च्या दुष्काळांत आमच्या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तें पाहिलेलीं मुलें आज महाविद्यालयांत आहेत. त्यांचींच भावंडें भंडारदऱ्यास उभीं राहून 'निळेशार पाणी' लिहितात, आणि हें पाणी आपल्या घरच्या घागरीचें नातलग आहे हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं! जाहिरातीची उसनी नजर माणसास कशापासून तोडते, ह्याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आतां त्या बाराव्या लेखाकडे वळतों. तो घनसावंगी तालुक्यांतील एका विद्यार्थिनीचा. ज्या तालुक्यांत जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव आहे, तोच हा तालुका. घर सोडून डोंगरदऱ्यांत आणि घळींत राहिलेल्या त्या पुरुषाची स्वेच्छेची वनवासकथा आम्ही अभिमानानें सांगतों. त्याच तालुक्यांतून दसरा-दिवाळी उलटली कीं हजारों माणसें स्वेच्छेवांचून घर सोडतात, ती कथा सांगत नाहीं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. आणि चार-पांच महिने ऊसतोडीच्या फडाजवळ कोपी घालून राहावें लागतें. बांबूच्या काठ्या, वर पाचट, त्यावर ताडपत्री. ही मुलगी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत आईबापांबरोबर अशा कोपींत हिंवाळे काढीत होती. सहलीस ती आली नव्हती. तिनें लिहिलें तें त्या रात्रींविषयीं: पहाटे तीन वाजतां आई उठून गेली कीं धाकट्या भावास कुशींत घेऊन दंव टिपणाऱ्या ताडपत्रीखालीं जागें राहणें, उसांतून येणारा आवाज कोल्ह्याचा कीं माणसाचा हें ओळखणें, आणि चांदणें असलें म्हणजे बरें वाटणें, कारण चांदण्यांत आई दूरवरून दिसे.

मीं त्यावर 'विषयास सोडून' असें लिहिलें. माझ्या मनांत 'उघड्या आभाळाखालीं एक रात्र' याचा अर्थ सहल असाच ठरून गेला होता. विद्यार्थ्यांस दोष देणारा मी स्वतः जाहिरातीच्या नजरेनेंच विषय पाहत होतों. आणि मग लेख दुसऱ्यांदां वाचतांना एका गांवाचें नांव डोळ्यांत भरलें. तिच्या कोपी प्रवरेच्या खोऱ्यांत पडत असत. भंडारदऱ्याचें पाणी कालव्यांनीं त्या खोऱ्यांत जातें. त्या पाण्यावर तेथें ऊस उभा राहिला. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं तेथेंच सहकारी साखर कारखाना निघाला, आणि त्यानें सहकारी साखरेच्या साऱ्या चळवळीस वाट दाखविली. ती थोर गोष्ट आहे, आणि तिनें शेतकऱ्याचें कल्याण केलें यांत शंका नाहीं. पण त्या उसास तोडणारे हात लागतात, आणि ते हात ज्या भागांतून येतात त्यांत आमचा जिल्हा आहे. म्हणजे माझ्या अकरा विद्यार्थ्यांनीं ज्या पाण्याच्या वरच्या टोंकास एक रात्र मौजेनें काढली, त्याच पाण्याच्या खालच्या टोंकास ह्या मुलीनें तिचें बाळपण काढलें. महिनेही तेच, थंडीही तीच. विषयास धरून लिहिणारी ती एकटीच होती. बाकीचे अकरा जण विषय सोडून गेले होते.

मीं तिला बोलावून घेतलें आणि शेरा खोडल्याचें दाखविलें. ती संकोचून म्हणाली, "सर, मलाही तसंच वाटलं होतं. पण दुसरी रात्र मला ठाऊक नव्हती." लेख अंकांत पहिल्या पानावर छापावा असें मीं संपादक-मंडळास सुचविलें. मंडळांतील एका-दोघांनीं हरकत घेतली; अंकास छायाचित्रें जोडावयाचीं होतीं, आणि ह्या लेखास जोडण्याजोगें छायाचित्र कोणापाशीं नव्हतें. शेवटीं तो छायाचित्रावांचून छापला गेला.

त्या लेखाचे वाङ्मयीन गुण अतिशयोक्तीनें सांगण्याचें कारण नाहीं. वाक्यें तुटक आहेत, शेवट घाईचा आहे. परंतु त्यांतील चांदणें मला खरें वाटलें, कारण तें कशासाठीं लागतें हें तिनें सांगितलें आहे. अकरा लेखांतील चांदणें कोणासच कशासाठीं लागत नव्हतें. वर्णन सजीव होतें तें विशेषणांनीं नव्हे, गरजेनें; ही गोष्ट मी तीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें, आणि ती मला एका विद्यार्थिनीनें पुन्हा शिकविली.

तंबूंच्या ह्या नव्या रीतीवर बंदी घालावी, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. अकोल्याच्या डोंगरांतील महादेव कोळी कुटुंबांस तिच्यामुळें चार पैसे मिळत असतील तर तें स्वागतार्हच आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या शांततेस धक्का न लावतां तें व्हावें, एवढी काळजी मात्र घेतली पाहिजे. माझी मागणी लेखकांपुरती आहे. जो तंबूंत राहून येईल त्यानें खुशाल लिहावें, गादीवर निजून आला असला तरी लिहावें. मात्र पाणी कोणत्या नदीचें, तें कोठें जातें, भाकरी कोणीं भाजली आणि आपण परतलों तें कोणत्या घरीं, एवढें त्यानें स्वतःस विचारलेलें असावें. उत्तरें लेखांत उतरलींच पाहिजेत असेंही नाहीं; तीं ठाऊक असलीं म्हणजे विशेषणें आपोआप कमी होतात.

पुढच्या हिंवाळ्यांत सहल पुन्हा भंडारदऱ्यास न्यावी, असें ठरत आहे. ह्या वेळीं परततांना प्रवरेच्या कालव्याकांठानें यावें आणि वाटेंत एखाद्या फडापाशीं थांबावें, अशी सूचना मीं केली आहे. त्या वाटेची माहिती आमच्यांत एका विद्यार्थिनीसच आहे. ती येण्यास तयार आहे. मात्र ह्या खेपेस तिला तंबूंत निजून पाहावयाचें आहे, असें तिनें सांगितलें आहे.